आत कोण बसलंय?

आधी माझी फजिती सांगते. तशी अटच आहे मला. अट कोणी घातली ते शेवटपर्यंत वाचलंत तर आपोआप कळेल.

आमच्या प्रयोगशाळेतल्या मोठ्या मशीनची एक डिस्क कुरकुरायला लागली होती. कंपनीचा इंजिनिअर नवी डिस्क घेऊन दारात उभा होता. मशीन चालू असताना डिस्क अशी खसकन उपसून काढता येत नाही. आधी मशीनला सांगावं लागतं, बाई गं, ही डिस्क आता तुझी नाही, सोड हिला. ती आज्ञा मी दिली. मशीनने उलट निरोप दिला: 'डिव्हाइस इज बिझी'. म्हणजे, सोडता येत नाही, आत कोणीतरी बसलंय.

तेव्हाची मी कशी होते ते सांगायला हवं, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. कडक इस्त्रीची कॉटनची साडी, हातात मशीनरूमच्या किल्ल्यांचा जुडगा, आणि मशीनचा मुख्य पासवर्ड पाठ. हा पासवर्ड ज्याच्याकडे तो त्या मशीनचा राजा. कोणाचीही फाईल उघडावी, कोणालाही बाहेर काढावं. मी नुकतीच गादीवर बसले होते आणि गादी चांगलीच चढली होती. अख्ख्या इमारतीत मला 'अक्का' म्हणत, आणि मला वाटे की ते प्रेमाने म्हणतात.

तर या महाराणीने काय केलं? सगळ्यांच्या टर्मिनलवर फर्मान धाडलं: 'सर्वांनी काम बंद करून ताबडतोब बाहेर पडावे.' पुन्हा आज्ञा दिली. डिव्हाइस इज बिझी. दुसरं फर्मान, जास्त उद्गारचिन्हांचं. डिव्हाइस इज बिझी. मग जुडगा वाजवत मी खोल्याखोल्यांतून फिरले. कोणी हातातला कॉफीचा ग्लास खाली ठेवला, कोणी न विचारताच "मी नाही, मी नाही" म्हणायला लागलं. शेवटच्या खोलीत नाडगौडा सापडले. (हे त्यांचं खरं नाव नाही.) विजापूरकडचे, नुकतेच नोकरीला लागलेले, माझ्याहून थोडे लहान, घरी मराठी आणि बाहेर कन्नड बोलणारे. अशा नव्या माणसावर ओरडायला फार सोपं असतं.

"तुम्हीच बसलाय आत," मी म्हटलं.

"नाही ओ अक्का. मी सकाळधरनं हे ड्रॉइंग बघायलोय."

"मग मशीन खोटं बोलतंय?"

"मशीन कशाला खोटं बोलंल?" ते म्हणाले आणि घाबरून उठलेच. माझ्यामागोमाग मशीनरूममध्ये आले.

मग मी ती आज्ञा दिली, जी सगळ्यात आधी द्यायला हवी होती: आत कोण आहे ते सांग. पडद्यावर एकच ओळ उमटली. नाव माझं.

सकाळी त्या डिस्कवर काय काय सामान आहे ते बघायला मी तिच्या आत शिरले होते आणि बाहेर यायला विसरले होते. सतरंजीच्या मधोमध उभी राहून मी सगळ्या सभागृहाला ओरडत होते, उठा, सतरंजी गुंडाळायचीय!

मी चटकन बाहेर पडण्याची आज्ञा दिली, पडदा पुसला, डिस्क सोड म्हटलं. मशीनने निमूटपणे सोडली. तेवढ्यात आमचे साहेब आत आले. इंजिनिअर ताटकळलेला, साहेब तापलेले. "यारु इद्दरु ओळगे?" त्यांनी विचारलं. कोण होतं आत?

मी तोंड उघडलं. काय सांगणार होते ते आज छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही, कारण त्याआधीच मागून आवाज आला.

"मी होतो, सर."

साहेबांनी त्या परक्या इंजिनिअरसमोर नाडगौडांना चांगलं धारेवर धरलं. मी मध्ये एक शब्द बोलले नाही. उलट मनात म्हटलं, बिचारा! मी इतकं दरडावलं की याला खरंच वाटायला लागलं, आपणच होतो आत. खोटं कशाला सांगू, माझ्या दराऱ्याचा मला किंचित अभिमानसुद्धा वाटला.

तर ती मी. आता माझं काम काय होतं ते सांगते.

मी कन्नड शहरातल्या चामराजपेटेत वाढलेली, मराठी घरातली. आमचं मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे तोंडावर रुमाल धरत, कारण आम्ही 'थोडं' म्हणायच्या जागी 'स्वल्प' म्हणून जात असू. तिथून मी इथल्याच एका सरकारी प्रयोगशाळेत लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. कामाचं नाव सिस्टम ॲडमिनिस्ट्रेटर. नातेवाइकांना मी सांगे, मी कॉम्प्युटरची वॉचमन आहे. एका मशीनवर शेकडो माणसं काम करतात. कोणाला कुठे शिरू द्यायचं, कोणाची किल्ली हरवली, कोणी जिन्यात पसारा मांडलाय, हे बघायचं. त्या मशीनचा सगळा कारभार चालतो युनिक्स नावाच्या व्यवस्थेवर. नाव ऐकलं नसेल तरी बिघडत नाही. तुमच्या खिशातल्या फोनच्या पोटातही बहुधा तिच्याच कुळातलं कोणीतरी बसलेलं आहे.

युनिक्स फार कमी बोलते. काम झालं तर काहीच बोलत नाही. 'झालं हं' नाही, 'अभिनंदन' नाही. आमच्या आजोळच्या एका मावशीसारखी: जेवण चांगलं झालं तर गप्प, मीठ कमी पडलं तर दोन शब्द. सगळं आयुष्य मी ते दोन शब्द वाचण्यात घालवलं. लोकांना वाटे, मशीन शिव्या देतंय. एक विदुषी बाई होत्या, धातूंवर काम करणाऱ्या. त्यांच्या टर्मिनलवर 'परमिशन डिनाइड' आलं की त्या माझ्याकडे तरातरा येत आणि विचारत, "हे माझ्याशी असं का बोलतं?"

एकदा त्यांच्या सहकाऱ्याला त्यांची फाईल वाचता येईना. बाईंनी ती फाईल सगळ्यांसाठी सताड उघडी करून ठेवली होती. तरी परमिशन डिनाइड. बाई म्हणाल्या, आता मी आणखी किती परवानगी देऊ? मी पाहिलं, तर फाईल उघडी होती, पण ती ज्या फोल्डरमध्ये होती त्याचं दार बंद. कपाट उघडं आणि खोलीला कुलूप! मी खोलीचं दार उघडलं आणि बाईंना म्हटलं, मशीन तुमच्यावर रागावलेलं नाही. ते तुमच्याच हुकमाची अंमलबजावणी करतंय. बाई म्हणाल्या, "म्हणजे चूक माझीच?" मी तेव्हा "हो" म्हटलं. आज म्हणणार नाही. आज म्हणेन, दार कुठलं ते आपण दोघी मिळून शोधू.

कारण त्या 'हो'ची किंमत मला फार उशिरा कळली. मी अशी फटकन बोलायची म्हणून लोक माझ्याकडे यायचे टाळायला लागले. आधी स्वतः खटपट करायची, मग मित्राला विचारायचं, मग आणखी बिघडवायचं आणि अगदी गळ्याशी आल्यावर माझ्याकडे यायचं. डॉक्टर खेकसणारा असला की रोगी उशिरा येतो, तसं. आणि मी म्हणायची, लोक काय बेजबाबदार आहेत!

दुसरा निरोप सांगते, कारण तो पुढे लागणार आहे: 'नो सच फाईल ऑर डिरेक्टरी'. अशी फाईलच नाही. एक गृहस्थ माझा हात धरून मला त्यांच्या टेबलापाशी घेऊन गेले. "हे बघा नाव! डोळ्यांसमोर आहे. आणि उघडायला गेलं तर म्हणतंय, नाहीच!" मला फार आनंद झाला. जयनगरमध्ये एका जिन्याच्या तोंडाशी शिंप्याच्या दुकानाची पाटी आहे, वर बाण आहे. बाणाच्या मागे जिना चढून गेलात तर वर मुलांची शिकवणी चालते. शिंपी केव्हाच गेला, पाटी राहिली. त्या गृहस्थांची फाईल म्हणजे अशी पाटी होती. ती दुसऱ्या ठिकाणच्या मूळ फाईलकडे बोट दाखवत होती, आणि मूळ फाईल कोणीतरी हलवली होती. मशीन खरं तेच सांगत होतं.

तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं की या व्यवस्थेत नाव वेगळं आणि वस्तू वेगळी. नाव असेल आणि वस्तू नसेल. मग मनात आलं, याच्या उलटंही होत असेल का? वस्तू आहे, आणि नाव नाही?

होतं. अपार्टमेंटच्या तळमजल्यावर नावांचा बोर्ड असतो बघा, कोण कुठल्या फ्लॅटमध्ये ते सांगणारा. युनिक्समध्ये तुम्ही फाईल 'पुसली' म्हणजे काय केलंत? बोर्डावरचं नाव पुसलंत. बस्. वर फ्लॅटमध्ये जर कोणी राहत असेल, म्हणजे एखादा प्रोग्राम ती फाईल उघडून तिच्यात काही लिहीत-वाचत असेल, तर त्याला कोणी हाकलत नाही. खाली नाव नाही, पोस्टमनला पत्ता सापडणार नाही, पण वर दिवा चालू आहे, भांड्यांचा आवाज येतोय. तो शेवटचा राहणारा आपणहून दार ओढून बाहेर पडला की मगच तो फ्लॅट रिकामा धरतात आणि दुसऱ्याला देतात.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघत बसले. जो उभा आहे त्याच्या पायाखालची जमीन काढायची नाही, हे कोणाला सुचलं असेल? ज्यांनी सुचवलं त्यांना मी कधी पाहिलं नाही. यंत्राच्या पोटात इतकी सभ्यता ठेवता येते आणि आपल्याला सतरंजी गुंडाळताना माणसांवर ओरडावं लागतं.

आता खरी गोष्ट. ही फार जुनी नाही. मी निवृत्त होऊन जे. पी. नगरमध्ये मुलीच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहते, नातीच्या अभ्यासात लुडबुड करते. नात कॉम्प्युटर शिकते. मशीनचा निरोप आला की ती तो न वाचताच उचलते आणि फोनमधल्या सर्वज्ञाला दाखवते. उत्तर बहुतेक वेळा बरोबर येतं, म्हणून मला वादही घालता येत नाही. मी फक्त म्हणते, "आधी तू वाच गं. दोनच शब्द आहेत." ती म्हणते, "आज्जी, तुला कामावर परत घ्यायला हवं."

आणि एका सकाळी खरंच फोन आला. नाडगौडा.

ते अजून नोकरीत होते, शेवटचे काही दिवस. त्यांचं सगळं आयुष्य एकाच प्रश्नात गेलेलं: वस्तू वाकवत राहिली तर कधी तुटते? त्यांच्या शेवटच्या कामात विमानाच्या पंखाचा एक सांधा होता, कार्बनच्या तंतूंचा. यंत्र तो सांधा वाकवतं, सोडतं, पुन्हा वाकवतं, महिनोन्महिने, आणि शेजारचा कॉम्प्युटर प्रत्येक वाकणं टिपून ठेवतो. सांधा अखेर तुटतो. तो कसा तुटला, आधी कुठे कुरकुरला, हे त्या नोंदीत असतं. ते कळलं तर सांधा विमानाला लावायचा की नाही ते ठरतं. सांधा एकच बनवलेला, आणि तुटलेली वस्तू दुसऱ्यांदा तुटत नाही.

"अक्का," ते म्हणाले, "फाईल गेली."

मी आवाजावरून ओळखलं. ज्याची फाईल दुसऱ्याने उडवली तो ओरडतो, "कोणी उडवली?" ज्याने स्वतः उडवली तो म्हणतो, "गेली." इतकी वर्षं याच कामात काढल्यावर एवढं व्याकरण कळतं.

"सावकाश सांगा."

सांधा शनिवारी तुटला. कॉम्प्युटर बंद करायला कोणी नव्हतं. तो इमानदारीने तुटलेल्या सांध्याची शांतता टिपत राहिला आणि सोमवारी सकाळी डिस्क भरली. पडद्यावर आलं: 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. जागा नाही. जागा करायला म्हणून मागच्या चाचणीची मोठी फाईल पुसली गेली. ती मागच्या चाचणीची नव्हती.

"बॅकअप?"

"चाचणी संपल्यावर घ्यायचा होता, अक्का."

"आणि आता काय करताय तुम्ही लोक?"

"पुसून पण जागा झाली नाही ओ. डिस्क अजून भरलेलीच दाखवायलंय. म्हणून हेड म्हणाले, रीस्टार्ट करा. दुसरी चाचणी खोळंबलीय."

मी खुर्चीतून उठले. गुडघ्यांचं मला भानच नव्हतं. "नाडगौडा, आत पळत जा. मशीनला कोणी हात लावायचा नाही. मी येते."

रीस्टार्टचा सल्ला चुकीचा नव्हता, हेच त्यातलं भयंकर. रीस्टार्ट केलं की डिस्कवर भरपूर जागा झाली असती. सगळे खूश झाले असते. आणि ज्या फ्लॅटमध्ये दिवा जळत होता तिथल्या शेवटच्या माणसालाही बाहेर काढलं गेलं असतं. पुसूनही जागा होत नाही, याचा अर्थ मला वाटत होता तोच असेल तर फाईल जिवंत होती. नाव नसलेली.

ऑटोवाल्याला म्हटलं, "स्वल्प बेगा होगी." जरा लवकर चला. त्याने आरशात माझ्याकडे बघून विचारलं, "हॉस्पिटला, अम्मा?" मी म्हटलं, तसंच काहीतरी.

प्रयोगशाळेच्या फाटकावर मला अडवलं. ज्या इमारतीच्या सगळ्या मशीनांची मी राणी होते, तिथे! नवा गार्ड, नम्र आणि ठाम. "पास इल्लदे ओळगे बिडोदिल्ल, अम्मा." पास नसेल तर आत सोडत नाहीत. पाससाठी हेडची सही लागते, हेड मीटिंगमध्ये. परमिशन डिनाइड. कपाट उघडं, खोलीला कुलूप. मला हसूच फुटलं, आणि तेवढ्यात गार्डच्या केबिनमधला पंखा थांबला. करंट गेला.

आता माझं हसू पळालं. जनरेटर सुरू झाल्याचा आवाज आला, पण चाचणीच्या हॉलकडे जाणारी लाइन त्यावर चढेना. तिथलं मशीन यूपीएसच्या बॅटरीवर होतं. बॅटरी संपली की मशीन बंद, मशीन बंद की फ्लॅट रिकामा. रीस्टार्टपासून वाचवलं आणि करंटने घालवलं, असं होणार होतं.

आत मोबाइल चालत नाहीत; फाटकावर जमा करावे लागतात. म्हणूनच तर सकाळी नाडगौडांनी बाहेर येऊन फोन केला होता. पण गार्डच्या टेबलावर इंटरकॉम होता. "अण्णा," मी त्याला म्हटलं, "मला आत सोडू नका. माझा आवाज तेवढा आत जाऊ द्या." त्याने थोडा विचार केला. नियमात आवाजाबद्दल काही लिहिलेलं नसावं. त्याने रिसीव्हर माझ्या हातात दिला.

हॉलमध्ये शिल्पाने उचलला. माझ्यानंतर माझ्या खुर्चीवर आलेली, हुबळीची, हुशार. मागे टिप्... टिप्... असा यूपीएसचा आवाज येत होता. मी आयुष्यभर मशीन डोळ्यांनी पाहिलं होतं. आता मला ते कानांनी बघायचं होतं.

"शिल्पा, डिस्क किती भरलीय?"

"शंभर टक्के, मॅडम."

"आणि आतल्या फाईली मोजल्यास तर?"

"अर्धीसुद्धा भरत नाही. तेच समजत नाहीये मला."

मी डोळे मिटले. बोर्डावर नावं मोजली तर अर्धी इमारत रिकामी, आणि इमारत म्हणते सगळे फ्लॅट भरलेत. "शिल्पा, आत कोणीतरी बसलंय. आता मशीनला विचार, पुसलेल्या फाईली कोणी धरून ठेवल्यात?"

कळांचा आवाज. टिप्... टिप्...

"एक ओळ आलीय, मॅडम. नोंदी टिपणारा प्रोग्राम आहे. फाईलचं नाव... सरांचीच फाईल. पुढे कंसात लिहिलंय, डिलीटेड."

"तो प्रोग्राम अजून चालू आहे?"

"हो. सारखा म्हणतोय, नो स्पेस लेफ्ट. पण बंद नाही पडला."

काय म्हणू त्या प्रोग्रामला! ज्या सांध्यासाठी बसला होता तो तुटला, ज्या फाईलमध्ये लिहीत होता तिचं नाव पुसलं, पुढे लिहायला जागा उरली नाही, तरी हातातलं सोडलं नव्हतं. मांडीवर झोपलेलं मूल जागं होऊ नये म्हणून बाई अवघडून बसते, तसा बसला होता.

युनिक्समध्ये अशी सोय आहे की चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामच्या हातात काय काय आहे ते बघायला एक खिडकी असते. बोर्डावर नाव नसलं तरी त्या खिडकीतून आतली वस्तू दिसते आणि तिची नक्कल काढता येते. "दुसऱ्या डिस्कवर जागा आहे?" "इदे, मॅडम, आहे." मी एकेक अक्षर सांगायला लागले. स्लॅश. पी, आर, ओ, सी. स्लॅश. आता त्या प्रोग्रामचा नंबर. ती प्रत्येक अक्षर परत म्हणत होती. गार्ड माझ्याकडे बघत होता; त्याला वाटत असावं, म्हातारी मंत्र म्हणतेय.

"एंटर मारण्याआधी पुन्हा वाच." तिने वाचलं. "मार."

मग नुसतं थांबायचं. मोठी फाईल, नक्कल व्हायला वेळ लागणार. यूपीएसचा आवाज आता जलद झाला होता, टिप्टिप्टिप्. मला फोनमधून कोणाचा तरी श्वास ऐकू येत होता आणि तो शिल्पाचा नव्हता. गार्डने माझ्यामागे खुर्ची सरकवली. "एन् आयितु, अम्मा?" काय झालं? मी म्हटलं, अजून काही नाही. तोही मग उभाच राहिला, माझ्याबरोबर, कशासाठी ते माहीत नसताना.

"झालं, मॅडम. काहीच बोललं नाही मशीन."

काहीच बोललं नाही! या व्यवस्थेत याहून गोड उत्तर नाही.

"दोन्हींचा आकार जुळतो का बघ. आणि सरांना म्हणावं, उघडून शनिवारची जागा शोधा."

शिल्पा हळू आवाजात म्हणाली, "जुळलं. सरांना सापडलं, मॅडम. तुटतानाचं सगळं आहे. सर... सर खाली बसलेत."

"खुर्चीवर?"

"नाही, जमिनीवर."

आणि टिप्टिप् थांबलं. मला वाटलं, बॅटरी संपली. शिल्पा हसली. "करंट आला, मॅडम." म्हणजे आम्ही सगळ्यांनी जीव मुठीत धरला होता तो उगाचच. असो. जीव मुठीत धरल्याशिवाय काही गोष्टी नीट दिसत नाहीत.

दुपारी मीटिंगमधून सुटलेल्या हेडचा फाटकावरच इंटरकॉम आला. आभार मानले, छान बोलले. मग विचारलं, "पण फाईल पुसली कोणी, मॅडम? रिपोर्टमध्ये लिहायला हवं."

मी म्हटलं, "मशीन फाईल कोण धरून बसलंय ते सांगतं. नाव कोणी पुसलं ते तिथे दिसत नाही."

हे अक्षरशः खरं आहे. दुसरीकडे दिसलं असतं, दिलेल्या आज्ञांची यादी मशीन ठेवतं. पण हेडनी ते विचारलं नाही, आणि शिल्पा शहाणी आहे, तीही काही बोलली नाही. रिपोर्टमध्ये 'अनवधानाने पुसली गेली' एवढंच गेलं. कर्त्याशिवायची वाक्यं सरकारी भाषेत का असतात ते मला त्या दिवशी समजलं.

पास मला अखेरपर्यंत मिळाला नाही. नाडगौडाच बाहेर आले. केस पांढरे, चालणं तेच, जरा पुढे झुकलेलं. कोपऱ्यावरच्या दर्शिनी हॉटेलात आम्ही उभ्याउभ्या एक बाय-टू कॉफी घेतली, एकाच कॉफीचे दोन ग्लास, नोकरीच्या दिवसांत घ्यायचो तशी.

"मीच पुसली, अक्का," ते म्हणाले.

"माहिती आहे."

"हेडना सांगितलं नाहीत."

"त्यांनी विचारलं तेव्हा मी मशीनचं उत्तर दिलं, माझं नाही. आणि कशाला सांगू? फाईल तर आहे."

ते हसले. मग ग्लास कट्ट्यावर ठेवला, शर्टाच्या बाहीने चष्मा पुसला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले:

"डिस्क बदलायच्या त्या दिवशी स्क्रीनवर तुमचंच नाव आलं होतं की, अक्का. मी मागंच हुभा होतो, वाचलं मी. पण साहेब आत आले आणि तुमच्या हातातला जुडगा असा वाजायला लागला, म्हटलं, असू दे, मी होतो म्हणून सांगू या. आता माझ्या या फाईलची गोष्ट कुणाला सांगितलीत तर आधी ती सांगायची, एवढीच अट."